त्राटिकेचा डावा गाल

"गाल उलट्या अंगाला फुगवलाय मेल्यांनी," माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

मी मान वळवली. म्हातारी इतकी जवळ उभी होती की तिच्या तोंडातल्या तंबाखूचा वास मला आला. ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या हातात एक पुस्तिका होती, त्यातल्या फोटोवर तिची कुरकुर चालली होती. मी बघतेय म्हटल्यावर तिनं पदर पुढं ओढला आणि जणू काही बोललीच नाही अशी खांबाला टेकून उभी राहिली.

"ती देवरामची आई," खैरनार गुरुजी हळूच म्हणाले. "येसूबाई. तिच्याकडं लक्ष देऊ नका, म्हातारी सगळ्याच गोष्टींवर कुरकुरते."

ज्याच्याकडं लक्ष देऊ नका असं सांगतात, तिकडं आधी बघायचं, हे मला तोवर कळलं होतं. पण त्या दिवशी माझ्यापुढं बघण्यासारख्या गोष्टी फार होत्या.

मी नाशकातल्या एका वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायची. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी दुरुस्त केली त्याहून जास्त पुस्तकं बिघडवली असतील. घरात या विद्येला 'चिकटवाचिकटवी' म्हणत. पण हळूहळू कागद बोटांना कळायला लागला. कुठला कशावर चिकटवलाय, कधी चिकटवलाय, कशानं. आणि फाटक्या पुस्तकांनी मला एक वाईट सवयही लावली. पान नसलं, की ते गळालं की कुणी काढलं, हे आधी बघायचं. पुढं माणसांकडंही तसंच बघितलं जातं.

खैरनार गुरुजी आमच्या वाचनालयाचे जुने सभासद. पळसविहीरच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली, निवृत्तीनंतरही तिथंच राहिलेले. चैत्रात एका सोमवारी ते आले आणि म्हणाले, "बाई, एका मुखवट्याचं वय सांगायचंय. कागदाचा आहे. येता?"

पळसविहीरला चैत्रात बोहाडा होतो. देव, राक्षस, वेताळ असे सगळे मुखवटे घालून गाव नाचतं. एकेक मुखवटा एकेका घराचा. तो दुसऱ्या घरात जात नाही. राक्षसीण त्राटिका भोयांच्या घरची. आधी महादू भोये नाचायचा, तो वारल्यावर त्याचा मुलगा देवराम. आणि आता गावात कुजबुज सुरू झाली होती की भोयांनी खरी त्राटिका विकली आणि हल्ली नाचते ती नक्कल.

संशयाला कारण ती पुस्तिका. मुंबईतल्या कुठल्याशा प्रदर्शनाची. चंदर गावितचा मेहुणा तिकडून घेऊन आला होता. तिच्यात पानभर फोटो : मोठाले डोळे, बाहेर आलेले दात, आणि तंबाखूचा बार भरल्यासारखा एक गाल टम्म फुगलेला. खाली छापलं होतं, 'त्राटिका. अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीची. कारागीर अज्ञात.'

"अशी गाल फुगलेली त्राटिका दुसऱ्या कुठल्या गावात नाय," चंदर मला म्हणाला. तिशीतला, पांढऱ्याशुभ्र बनियनवरचा, बोलताना हात कमरेवर. त्याच्या घरचा मुखवटा महिषासुराचा. "ही आमची. मंग आमच्याकडं हाय ती कोण?"

"ते बघायलाच बाईंना आणलंय," गुरुजी म्हणाले.

"बघा. नवी निघाली तर भोयांचा मान गेला. देव विकणाऱ्याच्या घरात त्राटिका नाय ठेवायची. चार दिवसांवर बोहाडा हाय, मी आताच बोलून ठेवतो."

देवराम ओसरीच्या पायरीवर बसला होता. उपास धरलेला, ओठ सुकलेले. बोहाड्याआधी मुखवटेवाले धरतात तसा.  मला एक गोष्ट खटकली. सगळं अंगण त्या पुस्तिकेभोवती गोळा झालेलं, पण देवरामनं फोटोकडं एकदाही पाहिलं नव्हतं. जो पाहत नाही त्यानं आधीच पाहिलेलं असतं, अशी मी मनात नोंद केली.

"पण मी हात लावलेला चालेल का?" मी विचारलं. "बायकांनी मुखवट्याला शिवायचं नसतं ना?"

"तुमी बाहेरच्या. डाक्तरणीसारख्या," चंदर लगेच म्हणाला.

"हो हो, चालतं," गुरुजी म्हणाले.

एवढा मोठा नियम इतक्या सहज वाकला, तेही मला खटकलं.

देवरामनं घरातून टोपली आणली. तिच्यात त्राटिका पालथी होती, तोंड खाली आणि पोकळ पाठ वर. त्यानं ती घोंगडीवर उलथून ठेवली आणि अंगणातल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. येसूबाई मात्र माझ्या मागंच राहिली. मी बसल्यावर तीही टेकली, माझ्या खांद्याशी. माझ्या हातांवर तिची नजर मला मानेवर बसलेल्या माशीसारखी जाणवत होती.

"घरात ती पालथीच असते का?" मी बोलायचं म्हणून विचारलं.

"पालथीच. बायांनी तोंड बघायचं ते नाचात, लांबून."

"आणि घरात?"

"घरात पाठ." तिनं घोंगडीवरची काडी झटकली. "लगीन होऊन आले तवापासून पाठच बघते. टोपलीखालचं झाडायचं, उंदीर बघायचा. आतला खळगान् खळगा ठाव हाय. तोंडाची ओळख नाय तेवढी."

बायका हसल्या. चंदर हसला नाही.

आता मुखवट्याचं वय कसं कळणार, ते सांगते. दरसाल बोहाड्याआधी मुखवट्यावर चिंचोक्याच्या खळीनं एक पातळ कागद चिकटवतात आणि त्यावर नवा रंग देतात. जुना रंग खरवडत नाहीत. म्हणजे झाडाला वर्षाला एक वळं, तसा त्राटिकेला वर्षाला एक थर. (त्यातले अलीकडचे एकवीस कागद माझ्या हातचे आहेत, मी दर फाल्गुनात पोस्टानं पाठवते. पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.) दोनशे वर्षांचा मुखवटा असला तर थर मोजता मोजता डोळे जातील. नक्कल असली तर बोटांवर मोजता येतील.

मी उजव्या कानामागं जागा निवडली, जिथं कुणाला दिसणार नाही. ओला कापूस ठेवला. खळीला घाई चालत नाही. उन्हात मोहाच्या फुलांचा गोड, जड वास भरलेला. कुणीतरी गुळाचा चहा दिला. अर्ध्या तासानं कडा सुटली, तेव्हा मी पात्यानं एक तिरकी चीर घेतली आणि भिंग लावलं.

तांबडा. तांबडा. मग एक केशरी, त्या वर्षी तांबडा मिळाला नसावा. पुन्हा तांबडा. एक, दोन, पाच, नऊ. मागून येसूबाईचा श्वास ऐकू येत होता. चौदा, पंधरा. एकोणीस.

विसावा थर नव्हता. एकोणिसाव्याच्या खाली रंगच नव्हता, नुसता दाबून बसवलेला कागद, बोटभर जाड.

"किती?" चंदरनं विचारलं.

"मोजतेय," मी खोटं बोलले.

एकोणीस वर्षं. महादू वारला त्याला आठ झालेली. म्हणजे विकली असेल तर महादूनंच. मी मान वर केली. मला वाटलं होतं, सगळे माझ्या तोंडाकडं बघत असतील. पण पंधरा-वीस माणसांपैकी कुणी जमिनीकडं बघत होतं, कुणी मोहाच्या झाडाकडं. एकालाही आकडा ऐकायची उत्सुकता नव्हती. निकालाची वाट बघणारी माणसं अशी बसत नाहीत. ही माणसं निकाल आधीच ठाऊक असल्यासारखी बसली होती.

मग मला आणलं कशाला?

मी चीर थोडी मोठी केली आणि आतला कागद हाताच्या तळव्याएवढा उचलून पाहिला. दुरेघी वही. निळी शाई फुटलेली, तरी वाचता येत होती. वहीचं पहिलं पान सबंधच्या सबंध चिकटवलेलं.

"गुरुजी, हे वाचा बरं."

गुरुजींनी चष्मा चढवला आणि वाचायचं सोडून परत काढला. म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. "चंदर सोमा गावित. इयत्ता चौथी. जीवन शिक्षण शाळा, पळसविहीर." खाली तांबड्या शाईत शेरा होता, तोही वाचला. "अक्षर मुंगीच्या पायांचे. सुधारणे. खैरनार."

एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

चंदरचे हात कमरेवरून खाली आले.

मी दुसऱ्या कानामागं कापूस ठेवला. आता कुणी 'किती' विचारलं नाही. तिथं पाढे निघाले, मंजुळा लक्ष्मण महाले हिच्या वहीतले. हनुवटीखाली निघाला कुणा काशिनाथ चौधरीचा 'माझी गाय' हा निबंध, चार ओळींचा. गाय चौथ्या ओळीतच मरत होती.

"एका घराची एक वही," गुरुजी शेवटी म्हणाले. "त्या साली शाळेतल्या जुन्या वह्या पोरं मागून घेऊन गेली. मी विचारलं नाही कशाला. नंतर बोहाड्यात कळलं."

"तुम्हाला माहीत होतं!" मी म्हणाले. "मग मला नाशकाहून कशाला आणलंत?"

"मी इथला मास्तर, इथला माणूस नाही. मला बोलता येत नव्हतं."

"आणि तुम्हाला, चंदरभाऊ?"

चंदरनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "जुनी वाळवीनं खाल्ली, असं महादूबाबानं सांगितलं तवा. बोहाड्याला आठ दिवस. बाहेरगावचे लोक येतात, त्यांना काय सांगायचं, त्राटिका मेली? मंग सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, नवी करायची न् बोलायचं नाय. घराघरातनं कागद द्यायचा, म्हंजे सगळ्यांची होईल. माझ्या बापानं माझी वही दिली."

"म्हणजे ही नवी आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक."

"ठाऊक हाय. बोलायचं नाय ठरलेलं, तर बोलणार कोण?" त्यानं माझ्या शेजारची पुस्तिका ओढून घेतली आणि फोटोवर बोट आपटलं. "पण वाळवीनं खाल्ली ती मुंबईत कशी नाचते? सांगा ना! वाळवी खोटी. महादूबाबानं जुनी विकली न् गावाला वह्या चिकटवायला लावल्या."

आता माझ्या ध्यानात आलं. नवी आहे हे गावातलं कुणी तोंडावाटे काढू शकत नव्हतं. ते बाहेरच्या बाईच्या तोंडून पडलं, की फोटो दाखवून विकल्याचं चंदर बोलणारच होता. मी पातं, भिंग, कापूस घेऊन शहाण्यासारखी आले होते, आणि दोन पुरुषांनी मला आपापला भोंगा म्हणून आणलं होतं.

देवराम अजून पायरीवरच होता. "माझा बाप देव विकणारा नव्हता," एवढंच तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"मंग हा फोटो?"

आणि तेव्हा मला ती सकाळची कुरकुर आठवली. मी पुस्तिका परत घेतली आणि घोंगडीवरच्या त्राटिकेशेजारी धरली. एवढा वेळ दोन्ही समोर होत्या आणि मी थर मोजत बसले होते.

"जुन्या त्राटिकेचा कुठला गाल फुगलेला होता?"

"डावा," तीन-चार जण एकदम म्हणाले. "तिचा डावा. हिच्यासारखाच."

"फोटोतल्या बाईचा उजवा आहे."

सगळे वाकून बघायला लागले. "उलटा छापला असेल," गुरुजी म्हणाले.

"नाही. शेजारी मोजपट्टी ठेवलीय, तिच्यावरचे आकडे बघा. सुलट आहेत. ही तुमची जुनी त्राटिका नाही, चंदरभाऊ. ही तिसरीच आहे."

चंदर बराच वेळ फोटो बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला, इयत्ता चौथीतला झाला.

"आयला," तो म्हणाला. "ही तर बांधावरची."

"कुठली?"

"पयली. पयली चुकली व्हती ना! गाल उलटा झाला म्हनून महादूबाबानं बांधावर फेकून दिली. आमी पोरांनी दगड मारलेत तिला. हे बघा, कपाळावर खोक! मंग एक झोळीवाला पाव्हणा आलता, दाढीवाला, त्यानं उचलून नेली. आमाला विचारलं, किती जुनी हाय? आमी म्हनलं, लई जुनी."

दोनशे वर्षं! मी खाली मान घालून हसू दाबलं. कुठल्या तरी काचेच्या पेटीत, मऊ उजेडात, पळसविहीरच्या चौथीच्या वर्गाचा गृहपाठ उभा होता.

अंगण सैल झालं. लोक बोलायला लागले, कुणी कुणाला वहीवरून चिडवायला लागलं, काशिनाथ चौधरीची गाय कशानं मेली याची चौकशी सुरू झाली. देवरामनं तोंडावरून हात फिरवला. बाप देव विकणारा नव्हता, हे ठरलं होतं. मीही सामान आवरायला घेतलं.

पण माझ्या डोक्यात ती वाईट सवय वळवळत होती. महादूनं ती त्राटिका घालून उभं आयुष्य नाचून काढलेलं. रंग तो देणार, समोरून, जवळून बघणार तो. त्याच्या हातून गाल उलटा कसा होईल? ज्यानं तोंड पाहिलंय तो असा चुकत नाही. अशी चूक एकच माणूस करील, ज्यानं तिला कायम पाठीमागून पाहिलंय. पोकळीत बघताना फुगलेला गाल तुमच्या डाव्या हाताला असतो. तीच बाजू धरून समोरून घडवायला बसलात, की गाल पलीकडं जातो.

कानामागच्या आणि हनुवटीखालच्या चिरा बुजवायच्या होत्या, म्हणून मी त्राटिका पालथी केली. आतून गेरू फासलेला, अस्तर नाही. डाव्या गालाचा खोल खळगा, आतून मूठ घालून फुगवलेला. आणि खळग्याच्या वरच्या काठाला, जिथं ओला लगदा मनगटानं दाबला गेला असेल, तिथं एकापाठोपाठ एक दोन कमानी. बारीक, गोल, एकसारख्या अंतरावर. बोटाला लागतील इतक्या खोल.

मी मागं पाहिलं. येसूबाईच्या हातात आता बांगड्या नव्हत्याच. तरी तिनं मनगट पदराखाली घेतलं.

 वाचनालयात परत आलेल्या पुस्तकात कधी कधी कुणाची चिठ्ठी सापडते. ती मी ज्याची त्याला देते, मोठ्यानं वाचून दाखवत नाही. मी खळ कालवली आणि चिरा बुजवायला लागले. आता कळत होतं, मला, एका बाईला, या मुखवट्याला हात इतक्या सहज का लावू दिला ते. या त्राटिकेला बाईचा हात नवा नव्हता, आणि हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. बायका माझ्या बोटांकडं बघत होत्या. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

"चला, मिटलं!" चंदर म्हणाला. हरलेला माणूस जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. "वाळवी खरी, महादूबाबा खरा. नवी त्यानंच केली, पुरुषाच्या हातची हाय, नाचायला काय हरकत नाय. काय? पयली तेवढी पिऊन केली असंल, म्हनून गाल फिरला. दुसरी शुद्धीवर आल्यावर केली."

दोघंतिघं हसले. "बरोबर," कुणीतरी म्हणालं. "महादूनंच केली."

"महादूनंच," गुरुजीही म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मी शेवटची कडा दाबून बसवली. देवराम पायरीवरून उठला. मला वाटलं, मुखवटा आत न्यायला आला असेल. त्यानं माझ्यासमोर बसून त्राटिका उचलली, टोपलीत मात्र ठेवली नाही. गुडघ्यावर पालथी धरून त्यानं आत हात घातला आणि त्याचा अंगठा न शोधता बरोबर त्या दोन कमानींवर जाऊन थांबला.

"माझा बाप पीत नव्हता," तो म्हणाला.

"अरे गमतीनं..." चंदर म्हणाला.

"आन् त्यानं ही केली पण नाय."

हसणं थांबलं. माझ्या मागून येसूबाई म्हणाली, "देवराम. गप."

"गप किती सालं बसायचं?"

"चार दिवसांवर नाच हाय. गप."

त्यानं मुखवटा उचलून आईसमोर धरला. पाठ नाही, तोंड. चांगलं हातभर अंतरावर, भर दुपारच्या उन्हात. म्हातारीनं डोळे मिटून घेतले आणि मग, थोड्या वेळानं, उघडले.

"ही तू केलीस, आये," देवराम म्हणाला. "आठ सालं मी हिच्या आत नाचतोय. दरसाल तुझ्या बांगड्या माझ्या गालाला लागतात."